पाकिटावर जाणारा फोटो

अर्जाच्या उजव्या कोपऱ्यात फोटोसाठी एक चौकोन असतो. त्या चौकोनात काय बसते आणि काय बसत नाही, हे मला कुणी शिकवले नाही. परत आलेल्या अर्जांनी शिकवले. दोन्ही कान दिसले पाहिजेत. नजर समोर हवी. ओठ मिटलेले, डोळे उघडे, मागे पांढरा पडदा. हसरा चेहरा साहेबाला संशयास्पद वाटतो आणि मिटलेल्या डोळ्यांचा माणूस त्याच्या लेखी हजरच नसतो. मी व्यवसायाने अर्जनवीस आहे. कचेरीच्या फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली माझे टेबल आहे आणि दाखला, वारसा, पेन्शन, नावातील दुरुस्ती अशा नाना कारणांनी येणाऱ्या लोकांचे म्हणणे सरकारला समजेल अशा भाषेत मांडून देण्यात माझी हयात गेली आहे. शाळा मी नववीत सोडली. तथापि मराठी, उर्दू, तेलुगू आणि गरजेपुरती इंग्रजी या भाषांत मी लिहिलेला मजकूर चुकीचा आहे, असे म्हणण्याची पाळी आजवर कोणत्याही अधिकाऱ्यावर आलेली नाही. माणसाचा चेहरा कागदावर कसा असावा, याविषयी हैदराबाद शहरात माझ्याइतका विचार केलेली माणसे थोडी असतील.

पूर्वी फोटो चिकटवण्यासाठी मी घरून गव्हाच्या पिठाची खळ नेत असे. आई ती शिजवून, चिमूटभर मोरचूद टाकून, पितळी वाटीत द्यायची. मोरचुदामुळे मुंग्या लागत नसत. आता बहुतेक अर्ज संगणकावर जातात आणि फोटोही तारेतून जातो. खळीची वाटी मात्र मी टेबलाच्या खणात जपून ठेवली आहे. लोक जादा प्रती माझ्याकडेच विसरून जात, त्याही त्या खणात आहेत. कधी काम नसले की मी ते चेहरे काढून बघतो. सगळे एकाच नजरेने बघत असतात.

म्हणून अंबरपेठहून भाचीचा फोन आला तेव्हा मला नवल वाटले नाही.

"मामा, फोटोशूट झालं सकाळी. पण आईचं फायनल होईना. तुम्ही नारायणगुड्याला स्टुडिओत या. आई तुमचंच ऐकते."

शेवटचे वाक्य खरे नव्हते, पण मी टेबल आवरले आणि निघालो.

तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का. अक्का येसर करते. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की येसर म्हणजे गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धणे, मिरच्या असे बरेच काही खमंग भाजून, दळून केलेली पूड. ती पाण्यात कालवून आमटी करतात आणि आमच्याकडच्या लग्नाच्या पंगतीत ही आमटी नसेल तर लग्न झाल्यासारखे वाटत नाही. अक्काच्या हातचे येसर पिशव्या भरभरून नातेवाईक नेत असत. भाचीने त्याचा व्यवसाय करायचे ठरवले. तिला मराठी बोलता येते, वाचताना मात्र ती अक्षरावर बोट ठेवते. तरी पाकिटावर 'येसर' हे नाव मराठीतच हवे, यासाठी ती छपाईवाल्याशी भांडली, ही गोष्ट मला आवडली होती. नावाखाली करणाऱ्या बाईचा फोटो असावा, ही कल्पनाही तिचीच. संध्याकाळपर्यंत फोटो पोचला नाही तर छपाईवाला मशीन दुसऱ्या कामाला लावणार होता.

स्टुडिओ एका कापडाच्या दुकानावर होता. भाची मला जिन्यातच भेटली.

"मामा, आई एकच धरून बसलीय. म्हणते, फोटो टाका, पण परत येणारा नको. नाही तर माझा फोटोच नको. परत येणारा म्हणजे काय?"

मी तिला म्हटले, "वर चल, बघू." अर्थ मला ठाऊक होता. तिला तो जिन्यात उभे राहून सांगण्यासारखा नव्हता, इथे सांगतो.

आमचे वडील शेतीतला आपला वाटा भावांच्या हवाली करून मराठवाड्यातून हैदराबादेला आले आणि बसच्या डेपोत नोकरीला लागले. गौलीगुड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. खिडकीतून बसस्थानकाचा भोंगा ऐकू येई आणि कोणती गाडी सुटली हे अक्का न बघता सांगे. ती लग्नाची झाली तेव्हा वडिलांना कुणीतरी सांगितले की परमुलखात राहणाऱ्या मुलीचा फोटो आधी पाठवावा लागतो. नुसती मुलगी बघायला परभणी-नांदेडची माणसे एवढ्या लांब येत नाहीत.

बसस्थानकामागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर एक फोटो स्टुडिओ होता. तिथला म्हातारा फोटोग्राफर कुणाशी फार बोलत नसे आणि त्याला घाई अजिबात खपत नसे. मागच्या पडद्यावर तळे रंगवलेले होते, तळ्यात दोन हंस आणि काठाला पांढरे कठडे. अक्काने शेजारच्या काकूंची जांभळी साडी नेसली होती. पोलके सैल होते म्हणून पाठीवर टाचण्या लावल्या होत्या आणि त्या टोचत असल्यामुळे ती फारच ताठ उभी होती. जाजमावर चपला चालत नसत. तिच्या चपला हातात धरून मी स्टुलावर बसलो होतो.

"नजर वर," वडील सांगत होते. "समोर बघ. हसू नको. अन् तोंड पाडू पण नको."

"मग करू काय?" अक्का म्हणाली.

"चांगली दिस."

म्हाताऱ्याने काळ्या फडक्यातून डोके बाहेर काढले. "सांस रोको, बेटी," तो म्हणाला. अक्काने श्वास धरला, मीही धरला, आणि खट् असा आवाज झाला. संपले. तेव्हा निवडायचे काही नसे. एकच फोटो निघे आणि जो निघे तोच आपला चेहरा असे मानून माणसे घरी जात. त्या एका आवाजासाठी सगळे घर सकाळपासून तयारी करी, याची मला आजही गंमत वाटते आणि थोडे वाईटही वाटते, कारण तशी तयारी आता कुणी कशासाठी करत नाही. परतताना वडिलांनी आम्हाला गाड्यावर गोळी सोडा पाजला. साडीवर सांडू नये म्हणून अक्काने वाकून, मान पुढे काढून सोडा प्यायला, आणि गाडेवाल्यासकट आम्ही सगळे तिला हसलो.

फोटो आणायला मी वडिलांबरोबर गेलो होतो. म्हातारा खिडकीपाशी तिरक्या फळीवर फोटोची काच ठेवून बारीक पेन्सिलीने काहीतरी करत होता. आमच्याकडे न बघता तो म्हणाला, "चेहरा साफ कर दिया." अक्का रंगाने आईवर गेलेली, सावळी. उजव्या भुवईवर लहानपणीच्या देवीचा एक व्रण. फोटोत ना तो रंग होता, ना व्रण. अक्काच्या नाकाची कुणी गोरी मुलगी हंसांच्या पुढे उभी होती. वडील खूश झाले. आईने तो देवापुढे ठेवला. अक्काने उजेडात नेऊन बराच वेळ बघितला आणि विचारले, "कुणाची पोरगी आहे ही?"

"ही तूच आहेस," आई म्हणाली. आम्ही हसलो. तीही हसली.

मग तो फोटो फिरू लागला. वडील डेपोत असल्यामुळे पोस्टाची गरज नसे. पत्रिका आणि फोटो एका पाकिटात घालून ते नांदेडच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देत आणि नकार आला की तेच पाकीट तोच ड्रायव्हर परत आणून देई. म्हणजे जे फक्त दोन घरांत राहायला हवे ते सबंध डेपोला कळत असे. "भाऊसाहेब, तुमचं पाकीट आलंय," असे म्हणत ड्रायव्हर खाली मान घालून उभा राही, आणि वडील त्याला चहा पाजत. घरी आल्यावर ते पाकीट आईच्या हाती देत. आई ट्रंक उघडून पाकीट आत ठेवी. ट्रंकेच्या कडीचा आवाज झाला की आतून भाकरी थापता थापता अक्का विचारी, "आली का बाई फिरून?"

काही जण बघायलाही येत, आणि ते अधिक वाईट होते. पाहुण्यांतली एखादी वयस्क बाई पिशवीतून फोटो काढी, एकदा फोटोकडे बघे, एकदा अक्काकडे, पासवरचा चेहरा तपासणाऱ्या कंडक्टरसारखी. अक्का समोर बसून त्यांच्याकडे बघत राही, कारण नजर खाली घातली तर डोळ्यांत दोष असेल असे म्हणतात, असे कुणीतरी आईला सांगितले होते. "फोटोत उजळ आहे," ती बाई म्हणे. पोहे संपत. "कळवतो," म्हणून ते उठत. फोटोचे कोपरे दुमडत गेले. एकदा तो हळदीच्या बोटाचा ठसा घेऊन परत आला. कुण्या घरात स्वयंपाक करता करता बघितला असावा.

त्याच काळात नात्यागोत्यातल्या लग्नांचे येसर भाजायला अक्कालाच बोलवत. तिच्या हाताला भाजण्याची खूण कळते, असे बायका म्हणत. ती जाई. मोठ्या कढईपुढे पदर खोचून बसे, मूठभर भाजके तळहातावर घेऊन नाकाशी नेई, डोळे मिटून हुंगे आणि मग सांगे, "झालं, उतरवा." दुसऱ्यांच्या लग्नाचा वास अंगाला घेऊन ती संध्याकाळी गौलीगुड्याला परत येई. मी दार उघडले की तो वास आधी घरात शिरे. आज कुठेही येसर भाजत असले की मला ते दार आठवते, त्यावरचा कंदिलाच्या काजळीचा डाग आठवतो, आणि दारात उभी, थकलेली, तरी कुणाच्या तरी मुंडावळ्यांची नक्कल करून दाखवणारी अक्का आठवते.

शेवटी फोटोची एक प्रत परभणीला अडकली, दुसरी हळदीने खराब झालेली, आणि म्हाताऱ्याचा स्टुडिओ बंद होऊन तिथे शिंपी आलेला. पाठवायला वडिलांकडे काही उरले नाही. त्यामुळे भावजींच्या घरची माणसे फोटो न बघताच आली. भावजी जेवायला बसले, आमटी दोनदा मागून घेतली, आणि अक्काकडे बघताना त्यांच्या हातात ताडून बघायला काही नव्हते. लग्न ठरले. त्यानंतर अक्काने कधी एकटीचा फोटो काढून घेतला नाही. सरकारी कामासाठी लागतात तेवढे मी काढवले, तेव्हा ती म्हणे, "सरकारच्या घरी पाठवायचा ना? मग काढ."

असो. आम्ही वर गेलो. फोटोग्राफर तिशीतला, टोपी उलटी घातलेला, दखनी उर्दू बोलणारा उमदा माणूस होता. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर अक्काच्या कितीतरी छब्या ओळीने मांडलेल्या होत्या. अक्का कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. स्टुडिओने आणलेली पैठणी तिने उतरवून घडी करून ठेवली होती आणि स्वतःची सुती साडी पुन्हा नेसली होती.

"मामा, बसा. आधी चहा घ्या, मग डोकं लावा," भाची म्हणाली.

"डोकं लावूनच आलोय."

"कान मोजायला आलाय तो," अक्का म्हणाली. "अन् ऐक, नथ पण घाल म्हणत होते हे लोक मला. म्हणलं, नथ घालून कोण मिरच्या भाजतं, बाबा? शिंक आली तर?"

"अम्मा सुबह से मेरेकू डांट रहे साब," फोटोग्राफर म्हणाला. "लेकिन काम अच्छा दिये."

भाचीने निवडक फोटो मोबाइलवर आपल्या वडिलांनाही पाठवले होते. भावजी आता सेवानिवृत्त आहेत. त्यांचे उत्तर तिने मला वाचून दाखवले. सगळे छान आहेत, कधी येता, भात लावू का.

मी कामाला लागलो. एकेक फोटो मोठा करून दाखवायला सांगितला. ज्यांत पदर कानावर आला होता ते बाद केले. ज्यांत ती भाचीच्या बोलण्यावर हसली होती ते बाद केले. तिरके, वाकलेले, हातामुळे हनुवटी झाकलेले, सर्व बाद. भाची मधूनमधून "मामा, हा क्यूट आहे ना" असे म्हणे, आणि मी तिला कारण सांगे. शेवटी एक फोटो उरला. अक्का पैठणीत, छातीशी पितळी ताट, ताटात येसराचा ढीग, मान सरळ, दोन्ही कान स्वच्छ, नजर थेट समोर.

"हा," मी म्हणालो. "यात हरकतीला जागा नाही."

"साब की नजर सई है," फोटोग्राफर म्हणाला. "कस्टमर को सीधा देख रहे अम्मा."

"मला पण हाच आवडला होता," भाची म्हणाली. "आई कॉन्फिडंट दिसतेय. आई, बघ ना."

अक्का उठली नाही. चष्मा पिशवीत होता, तो शोधत राहिली. तेवढ्यात फोटोग्राफरने, "जरा फेस क्लीन करके बताता हूँ," म्हणत हातातला माउस फिरवला. भुवईवरचा व्रण गेला. मग गळ्याचा रंग उजळला, मग गालांचा. काही क्षणांचे काम. मी त्या पडद्याकडे बघत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे खिडकीतली तिरकी फळी, ती काच आणि ती बारीक पेन्सिल उभी राहिली. पडद्यावर ताट धरून उभी असलेली बाई मी पूर्वी पाहिली होती. तिच्या चपला मी हातात धरल्या होत्या.

अक्का चष्मा लावून पडद्यापाशी आली. बराच वेळ बघत राहिली.

"ही बाई माझ्या ओळखीची आहे," ती म्हणाली. "लई घरं फिरून आलीय ही. हिला आता पुन्हा पाठवू नका."

"आई, काय बोलतेस? ही तूच आहेस."

"तुझी आजीपण हेच म्हणली होती."

फोटोग्राफरला मराठी पुरते कळत नसावे, पण रोख कळला. त्याने लगेच रंग पूर्ववत केला. "निकाल दिया अम्मा. देखो, असल है अब. निशान भी आ गया."

अक्काने तोही फोटो नीट बघितला. वाकून, जवळून बघितला. "रंग माझा आला," ती म्हणाली. "पण बघायली तशीच."

"कशी?" मी विचारले.

"हो म्हणा, असं बघायली."

वर्षानुवर्षे मी माणसांना सांगत आलो आहे: समोर बघा, हलू नका, चेहरा सरळ ठेवा. ती नजर बरोबरच आहे. अर्ज करणाऱ्याची तीच नजर असते, कारण त्याला समोरच्याकडून काही मंजूर करून घ्यायचे असते. माझ्या खणातले सगळे चेहरे तेच म्हणत असतात. पण अक्का कुणाकडे काही मागत नव्हती. तिने येसर केले होते. ज्याला हवे त्याने न्यावे.

हे तेव्हा मला इतके स्पष्ट मांडता आले नाही. मी एवढेच म्हणालो, "अक्का, हा पाकिटाचा फोटो आहे. तो काही कुणी परत पाठवणार नाही."

"दुकानदार पाठवंल की. खपलं नाही तर पेटी माघारी येईल का नाही?" तिने भाचीकडे बघितले. "येईल का नाही, सांग?"

"येऊ शकते," भाची हळू आवाजात म्हणाली.

"म्हणजे दुकानाच्या फळीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघत राहायचं, अन् मग पेटीत बांधून घरी. मला नाही जमत आता. नुसती वाटी छापा."

"वाटी सगळ्यांच्याच पाकिटावर असते गं आई. मी दुकानात दाखवायला नेलं ना, तर सगळे विचारतात, कोण बनवतं? मला दाखवायचंय ना, कोण बनवतं ते."

त्याच वेळी छपाईवाल्याचा फोन आला. भाची खिडकीशी जाऊन तेलुगूत त्याच्या विनवण्या करू लागली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते आम्हाला दिसू नयेत म्हणून ती रस्त्याकडे तोंड करून उभी होती. अक्काला ते दिसले. तरी तिने आपला शब्द मागे घेतला नाही. हट्टाने नव्हे, मी तिला ओळखतो. ट्रंकेच्या कडीचा आवाज आला की तिचा चेहरा असाच होत असे.

फोटोग्राफर निमूटपणे वाटीचा फोटो शोधू लागला. पडद्यावर छब्या भराभर मागे सरकत होत्या. ताट, पैठणी, ताट, परात, पांढरा पडदा.

"थांबा," अक्का म्हणाली. "मागं घ्या."

"कौनसा, अम्मा?"

"ते. नाही, त्याच्या आधीचं. हे."

"ये तो लाइट का टेस्ट है, अम्मा. आँखां बंद हैं. निकालने का था, रह गया."

फोटो सकाळचा होता, पैठणी नेसण्यापूर्वीचा. अक्का सुती साडीत डब्यापुढे बसलेली होती. स्टुडिओत ताज्या रंगाचा वास होता. येसराला तो लागला की काय म्हणून तिने डबा उघडून मूठभर हातावर घेतले असावे. तळहात नाकाशी होता. पदर खांद्यावरून घसरलेला, एक कान केसांत गेलेला, डोळे मिटलेले. कोपऱ्यात दिव्याची दांडी दिसत होती. भुवईवरचा व्रण उजेडात अगदी स्पष्ट आला होता. माझ्या नियमांपैकी एकही नियम त्या फोटोत पाळलेला नव्हता.

"हा घ्या," अक्का म्हणाली.

"अक्का, डोळे मिटलेला फोटो कुठेच चालत नाही."

"कुठं?"

"कोणत्याही कचेरीत."

"ही कचेरी आहे का, भाऊ?"

"नाही. तरीपण लोकांनी तुझ्याकडे बघितले तर तू..."

"बघू दे की. मी कुठं बघायलीय?" तिने पडद्यावरच्या तळहातावर बोट ठेवले. "ह्यात मी कामात आहे. समोर कुणी बसलंय का उठून गेलं, मला पत्ता नाही."

भाची फोन तसाच कानाला धरून उभी होती. तिने तो खाली घेतला. "कोण बसलं होतं, आई?"

"तुझा मामा सांगंल. त्याला सगळं सविस्तर मांडायची सवय आहे."

भाची पडद्यापाशी आली. ती तो फोटो बघत असताना मी तिच्याकडे बघत होतो. पाकिटाच्या मापाचा कागदी चौकोन तिने पडद्यावर धरला, वर-खाली करून बघितला, दिव्याची दांडी बाहेर राहील असा बसवला. "आईचा वास घेतानाचा आवाज पण ऐकू येतोय यात," ती म्हणाली, आणि मग फोनवर छपाईवाल्याला तेलुगूत सांगितले की फोटो मिळाला आहे, पाठवते.

फोटोग्राफरचा हात सवयीने माउसकडे गेला. मी उभा राहिलो. "एक गोष्ट स्पष्ट असू द्या," मी त्याला उर्दूत सांगितले. "दांडी काढायची तेवढी काढावी. चेहऱ्यास हात लावू नये. रंगास नाही आणि निशाणासही नाही."

"नै लगाता साब," तो हसत म्हणाला. "लिख के देऊँ क्या?"

"तुमची जबान पुरेशी आहे," मी म्हणालो. अक्का पदराआड हसली. स्टुडिओत दिवसभर जो विनोद फोटोग्राफरला साधला नव्हता तो मला न ठरवता साधला होता.

परत जाताना रिक्षात बसल्यावर भाचीला मी गौलीगुड्याची हकीकत सांगितली. अक्का बाहेर बघत होती. मध्येच "जांभळी नव्हती साडी, वांगी रंगाची होती," असे म्हणाली, तेवढेच.

पाकिटे छापून आली. चांगली आली, हे मान्य करायला हवे. नियम म्हणून विचाराल तर मी आजही त्या पैठणीतल्या फोटोच्या बाजूचा आहे. अर्जाला तोच लागेल. पण एक पाकीट मी माझ्या टेबलावर कागद दाबायच्या दगडाजवळ उभे करून ठेवले आहे. अर्ज लिहून घेणारी माणसे माझी वाट बघता बघता त्या पाकिटाकडे बघतात. पाकिटावरची बाई त्यांच्याकडे बघत नाही, त्यामुळे त्यांना निवांत बघता येते, असे माझे निरीक्षण आहे. एका म्हातारीने ते उचलून चक्क हुंगले होते.

त्यानंतर काही दिवसांनी भाची टेबलापाशी आली. हातात कापडी पिशवी होती. चेहरा उतरलेला.

"मामा, नारायणगुड्याच्या दुकानातून काही पाकिटं परत आली. आईला सांगू नका. तुमच्याकडे राहू दे."

मी पिशवी टेबलाखाली ठेवली. दिवसभर ती पायाला लागत राहिली. अर्ज लिहिताना मन लागेना. डेपोतले ड्रायव्हर खाली मान घालून का उभे राहत, ते मला त्या दिवशी कळले. रविवारी ती पिशवी घेऊन मी अंबरपेठला गेलो. लपवून ठेवणे मला जमण्यासारखे नव्हते आणि सांगणेही. पिशवी मी दाराआड ठेवली, पण अक्काच्या नाकापासून येसर लपत नाही.

"काय आणलंस?" तिने विचारले आणि उत्तराची वाट न बघता पिशवी उघडली. भावजी वर्तमानपत्र बाजूला ठेवून माझ्याकडे बघू लागले. भाची आतल्या दारात उभी राहिली.

अक्काने एक पाकीट काढले. उजेडात धरले. मग त्याची वरची कड अंगठ्याने दाबून बघितली.

"चिकटलंच नाही बरोबर," ती म्हणाली. "हवा जायली आत. मशीनवाल्याला सांग गं, गरम जास्त कर म्हणून. दुकानदाराचं बरोबर आहे." दुसरे काढले, तेही दाबले. "ही पण तशीच. आता ठेवून काय करायचं? आजच लावते आमटी."

तिने कात्री घेतली आणि पाकीट आडवे कापले, फोटोतल्या चेहऱ्यावरून, तळहाताच्या जरा वरून. बघितलेसुद्धा नाही. येसर पातेल्यात ओतले, पाण्यात कालवले, वर फोडणी दिली. घरभर तो वास झाला आणि मी काही काळ अंबरपेठेत नव्हतो.

जेवताना भावजींनी आमटी दुसऱ्यांदा मागितली. अक्काने वाढली आणि डाव ओट्यावर ठेवताना तो रिकाम्या पाकिटावरच ठेवला, फोटोच्या अर्ध्या राहिलेल्या चेहऱ्यावर. सवयीने मी हात लांब करून डाव उचलला आणि कागद पुसू लागलो.

"राहू दे, भाऊ," अक्का म्हणाली. "घरातलीच बाई आहे ती."